मशीनची मागची बाजू

किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. रोज संध्याकाळी एखादा घरी नेऊन सांगितला की तो संपतो. माझे बरीच वर्षं असे संपत होते. मी चपला काढायच्या आत स्वयंपाकघरातून बायकोची विचारणा व्हायची, "आज काय झालं?" आणि मी सांगायचो. सव्वा वर्षापूर्वी ती विचारणा थांबली. तेव्हापासूनचे किस्से तसेच पडून आहेत, आणि त्यांच्या ओढीने जुनेही वर येऊन बसलेत. परवा मित्रांत बसलो असताना दोन-तीन निसटले, तर मंडळी म्हणाली, "मास्तर, लिहून काढा." म्हणून हा खटाटोप.

मी मास्तर होतो तो पूर्वी, शाळेत विज्ञान शिकवायचो तेव्हा. आता तुर्भ्याच्या एमआयडीसीत एका गाळ्यात असतो. खाली मसाल्याची गिरणी, वर आमचा कंप्युटर जोडायचा कारखाना. आम्ही सुटे भाग आणतो, मशीन उभं करतो, तपासतो आणि खोक्यात भरतो. आमचं प्रत्येक मशीन मिरचीच्या ठसक्यासकट बाहेर पडतं. माझं काम शेवटच्या तपासणीचं, आणि खोक्यात जे माहितीचं मराठी पत्रक जातं ते लिहायचं.

आमचे मालक निकम साहेब साताऱ्याचे. त्यांचं एक वाक्य गाळ्यात सगळ्यांना पाठ आहे : "गिऱ्हाईक पुढची बाजू बघून मशीन घेतं आणि मागची बाजू बघून शिव्या देतं!" मागची बाजू म्हणजे जिथे सगळ्या वायरी लागतात ती. कीबोर्डची, प्रिंटरची, आणि सगळ्यात जास्त शिव्या खाणारी आवाजाची.

आवाजाचं काम एका टेबलावर चालायचं. त्याचं नाव साउंड टेबल. तिथे जनाताई म्हात्रे बसायच्या. कोपरखैरण्याच्या गावठाणातल्या, चौथी शिकलेल्या, रोजंदारीवर. नवरा नाही, दोन मुली शाळेत. मशीनमध्ये साउंड कार्ड बसवायचं, त्याच्या वायरी जोडायच्या, स्पीकर लावून बघायचं, हे त्यांचं काम. आणि गेल्या वर्षी हे टेबलच उठायची वेळ आली होती. नवीन येणाऱ्या मशीनमध्ये साउंड कार्ड नसणार होतं. कार्ड नाही तर टेबल नाही, आणि टेबल नाही तर जनाताई नाहीत, असा सरळ हिशेब होता. त्याच्याकडे येतोच. आधी जरा मागचं.

*

स्पीकर तपासायला आमच्याकडे पूर्वी एक इंग्रजी आवाज होता. लेफ्ट, राइट. निकम साहेबांना तो आवडेना. "साताऱ्याच्या माणसाचं मशीन मराठीत बोललं पाहिजे!"

मग जेवणाच्या सुट्टीत, गिरणी बंद असताना, मी माइकसमोर बसून रेकॉर्डिंग केलं. "हा डावा स्पीकर. हा उजवा स्पीकर." तिसऱ्या खेपेला बरं जमलं. ते प्रत्येक मशीनमध्ये घालून द्यायला लागलो.

चार महिन्यांनी एका पतपेढीच्या मॅनेजरांचा फोन. "अहो, तुमचं मशीन चहा मागतंय!"

"काय मागतंय?"

"चहा! उजवा स्पीकर झाला की मागून एक बाई विचारते, चा आला काय?"

आम्ही एक मशीन लावलं आणि पहिल्यांदाच आवाज पूर्ण मोठा केला. हा डावा स्पीकर. हा उजवा स्पीकर. आणि मग, लांबून पण स्वच्छ, "चा आला काय?" जनाताई!

साउंड टेबलवर जनाताईंनी तोंडाला पदर लावला. साहेबांनी विचारलं, "अशी किती मशीन गेली?"

"सगळी," मी म्हणालो.

आता बॉम्ब फुटणार म्हणून सगळे आपापल्या स्क्रूकडे बघायला लागले. साहेबांनी शांतपणे फोन घेतला. "मॅनेजर साहेब, ते नुसतं विचारतं हो. तुम्ही मात्र त्याला चहा देऊ नका. वॉरंटी जाईल!"

*

आमचा सर्व्हिस इंजिनिअर मिलिंद. दिघ्याहून स्कूटरवर येतो आणि त्याच स्कूटरवर पनवेलपासून ठाण्यापर्यंत गिऱ्हाइकांकडे फिरतो.

त्याच्या निम्म्या तक्रारी एकाच छापाच्या असायच्या : "आवाज येत नाही." साउंड कार्डच्या मागे चार बारकी भोकं असतात. एक बाहेरून टेपचा आवाज आत घ्यायचं, एक माइकचं, आणि दोन आवाज बाहेर द्यायची. चारही काळी, चारही सारखी. शेजारी पत्र्यावर चिन्हं ठोकलेली असतात, पण ती मुंगीने मुंगीसाठी काढल्यासारखी. माणसं स्पीकरची पिन माइकच्या भोकात घालतात आणि आम्हाला फोन करतात.

पनवेलच्या एका डॉक्टरांकडे मिलिंद गेला. पिन काढली, शेजारच्या भोकात घातली. आवाज सुरू! डॉक्टर उखडले. "एवढंच? हे तर माझा कंपाउंडरही करेल. तुम्ही कशाला आलात?" सर्व्हिसच्या कागदावर सही द्यायला तयार होईनात.

महिन्याने पुन्हा तीच तक्रार. झाडलोट करताना पिन निघाली आणि चुकीची लागली. या वेळी मिलिंदने झाकण उघडलं, टॉर्च मारला, आत दोनदा फुंकर घातली, "हं" म्हणाला, झाकण लावलं, आणि मग पिन बदलली. डॉक्टर खूश. चहा दिला, सही दिली, वर म्हणाले, "मागच्या वेळी असं नीट का नाही बघितलं?"

मिलिंद म्हणाला, "डॉक्टर, चुकलं माझं. तुम्हीसुद्धा काही झालेलं नाही हे पेशंटला छाती तपासल्यावरच सांगता ना!"

*

या तक्रारी बंद व्हाव्यात म्हणून मी पत्रक नव्याने लिहायला घेतलं. मास्तरकी आड आली. मी लिहिलं : "संगणकाच्या पृष्ठभागी उभे राहून अवलोकन केल्यास डावीकडून चौथे छिद्र ध्वनिनिर्गमाचे होय."

साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "मास्तर, हे छिद्र आहे की मोक्षाचं द्वार?"

जनाताईंनी मला ते मोठ्याने वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "मास्तर, मागं कोन उभा रातो? टेबल भितीला चिकटलेला असतो. मानूस पुढं बसतो नि मागं हात घालतो. डोले पुढं, बोटं मागं."

ही गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नव्हती. गाळ्यात आम्ही मशीन फिरवून घ्यायचो. घरात कोणी फिरवत नाही.

"मग काय लिहू?"

त्यांनी डोळे मिटले आणि एका मशीनच्या मागे हात घातला. "ही रुंद चालनी लागली बोटाला." खेळाची जॉयस्टिक लागते ती खोबण खरंच चाळणीसारखी असते. "हिच्या बाजूचा पयला भोक स्पीकरचा. जालं."

"पण जनाताई, न बघता?"

"बघाला कशाला पायजे? खाडीत चिंबोरी दिसते काय? हातालाच लागते."

मिलिंद तिथेच होता. "आणि तो खेकडा चावला तर?"

"चावली म्हंजे चिंबोरी. नाय चावली म्हंजे दगड!"

*

ते पत्रक मी तसंच लिहिलं : पुढेच बसा, हात मागे घाला, रुंद चाळणी शोधा, तिच्या शेजारचं पहिलं भोक. मिलिंदच्या फेऱ्या इतक्या कमी झाल्या की तो माझ्यावर रुसला. पनवेलच्या डॉक्टरांकडचा चहा बुडाला म्हणे.

पुढे काही आठवडे मी कामावर नव्हतो. घरी आजारपण होतं, आणि मग ते संपलं. परत आलो त्या दिवशी कोणी काही विचारलं नाही. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला आणि काढला. मी टेबलाशी बसलो. समोर मशीन होतं, तपासायचं सुचत नव्हतं.

जनाताईंनी त्यांच्या जागेवरून एक स्पीकर लावला. "हा डावा स्पीकर. हा उजवा स्पीकर." माझाच आवाज.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "तुमी नवता तवा तुमचा आवाज रोज कामावर येत व्हता. येकदाबी खाडा नाय केला त्यानं. आता तुमी बी लागा."

मी लागलो.

*

आता ते नवीन मशीन. कंप्युटरचे परदेशी मदरबोर्ड आणणाऱ्या एका कंपनीने आम्हाला नमुना पाठवला. पुढच्या वर्षी सगळीकडे हेच येणार, असं त्यांचं पत्र होतं.

मिलिंदने वेष्टन फाडलं आणि ओरडला, "साहेब, साउंड कार्डच नको! सगळं बोर्डावरच! आणि भोकांना रंग! स्पीकरला हिरवा, माइकला गुलाबी, तिसरं निळं. कीबोर्डला जांभळा! पिनलाही तोच रंग. पोरगंसुद्धा लावेल!"

साहेबांनी ओझरतं बघितलं आणि म्हणाले, "कंप्युटर आहे का रांगोळी?"

सगळे हसले. हसणं थांबलं तेव्हा जनाताईंचा आवाज आला. "मग माजा टेबल?"

साहेब म्हणाले, "बघू."

साहेबांचं 'बघू' आम्हाला माहीत आहे. ती 'नाही' म्हणायची तयारी असते. तेव्हा वाशीच्या एका कॉलेजची मोठी ऑर्डर यायच्या बेतात होती. इंग्रजी बोलायला शिकवायची प्रयोगशाळा, चाळीस मशीन, प्रत्येक मुलाच्या कानाला हेडफोन. नवीन बोर्ड तिथे पास झाला की जुनी मशीन बंद. मग साउंड टेबल त्या महिन्याअखेर उठणार. हे साहेब बोलले नाहीत, पण गाळ्यातल्या सगळ्यांना कळलं होतं. जनाताईंनाही.

त्या उठून आल्या. बोर्ड हातात घेतला, तिन्ही भोकांवरून बोट फिरवलं, पाठीमागचे सोल्डरचे टाके बघितले. आम्हाला वाटलं, आता काहीतरी खोड काढतील.

"काम चांगला केलाय," त्या म्हणाल्या. "ज्यानं केला त्याचा हात चांगला हाय." आणि जागेवर जाऊन बसल्या.

*

नवीन नमुन्याचं एक मशीन आम्ही वाशीच्या मसाला मार्केटमधल्या एका व्यापाऱ्याला वापरून बघायला दिलं. शेठचा पहिला प्रश्न, "दोन हजार साल लागलं की सगळे कंप्युटर बंद पडणार म्हणतात. याचा आवाज तरी चालू राहील ना?"

मिलिंद म्हणाला, "शेठ, बंद पडलं तर तुमचाच आवाज येईल!"

त्या बोर्डाला मागे दोन चपट्या नवीन खोबणी होत्या. पुढे सगळं त्यातच लागणार म्हणे. प्रिंटर, माऊस, कॅमेरा, सगळं. पण तेव्हा त्यात लावायला बाजारात काहीच मिळत नव्हतं. महिन्याने मिलिंद गेला तर शेठनी दोन्ही खोबणींवर जखमेला लावायची पट्टी चिकटवलेली!

"शेठ, हे काय? ही उद्याची सोय आहे!"

"उद्याचं उद्या बघू," शेठ म्हणाले. "आज त्यातून झुरळं शिरतायत!"

*

मग कॉलेजच्या मॅडम मशीन बघायला गाळ्यावर आल्या. साठीच्या असतील, खादीची साडी, प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायची सवय. निकम साहेबांनी ठरवलं, आपण स्वतः जोडून दाखवायचं. नवीन कपडे घालून आले होते.

"मॅडम, आता अक्कल लागत नाही. रंगाला रंग लावायचा, बास!" असं म्हणून त्यांनी स्पीकरची हिरवी पिन उचलली आणि गुलाबी भोकात घातली.

आवाज नाही.

काढली, पुसली, पुन्हा गुलाबी भोकात घातली. आवाज नाही. साहेबांच्या कपाळावर घाम. मिलिंद पुढे सरकायला लागला तर साहेबांनी हातानेच थांबवलं. तिसऱ्यांदा गुलाबी!

मॅडमनी चष्मा वर केला. "हे नेहमी असंच होतं का?"

तेवढ्यात जनाताई आल्या. साहेबांच्या हातातून पिन घेतली, हिरव्या भोकात घातली आणि मॅडमना म्हणाल्या, "साहेब मुद्दाम चुकीचा लावून दाखवत व्हते. पोरं चुकीचा लावतीलच की. पन मशीन जलत नाय, बघा. कितीदा बी चुका!"

मॅडमच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "हे बरं केलंत. आमची मुलं तर दिवसातून दहादा चुकतील." आणि वहीत तशी नोंद केली.

मॅडम गेल्यावर साहेब माझ्या टेबलाशी येऊन बसले. खालच्या आवाजात म्हणाले, "मास्तर, मला हिरवा आणि गुलाबी सारखेच दिसतात. लहानपणापासून. कोणाला सांगितलेलं नाही."

"घरी?"

"घरी कशाला! लग्नात हिचा शालू हिरवा होता, असं अल्बम बघणारे सांगतात!"

मी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो असेन, कारण साहेब माझ्याकडे बघतच राहिले. मग मी म्हणालो, "जनाताईंनी वाचवलं तुम्हाला."

साहेब उठले. "त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण टेबल उपकारावर चालत नाही मास्तर, कामावर चालतं. काम दाखवा, टेबल ठेवतो." त्यांना ते बोलताना बरं वाटत नव्हतं, हे दिसत होतं.

मी त्या दिवशी पत्रकात एक ओळ वाढवली : ज्यांना रंग ओळखता येत नाहीत त्यांनी बोटाने मोजावे. साहेबांनी ती वाचली आणि एक अक्षर न बदलता छापायला दिली.

*

आता शेवटचा.

कॉलेजसाठी सहा मशीन आधी नमुन्यादाखल द्यायची होती. नवीन बोर्ड लावून ती तयार झाली. मी तपासली, आवाज खणखणीत. मीटर लावून बघितलं, सगळं जागच्या जागी. जनाताईंकडे त्या दिवशी काम असं नव्हतंच. त्या शेवटची जुनी कार्डं पिशव्यांत भरत बसल्या होत्या. सहज म्हणून त्यांनी एक हेडफोन कानाला लावला आणि तशाच थांबल्या.

"मास्तर, याच्या आत कोनतरी चालतंय."

मी हेडफोन घेतला. काही नाही. मिलिंदने घेतला. काही नाही.

"आता तुमी माऊस हालवा," जनाताई म्हणाल्या. मी हलवला. "हां! खरवडल्यासारखा येतो. थांबलाव की थांबतो."

मिलिंदने पुन्हा ऐकलं, डोळे मिटून, श्वास रोखून. "असेल… नसेल. जनाताई, खरं सांगू? टेबल जातंय म्हणून तुम्हाला ऐकू येतंय."

मिलिंदचं तोंड पडलं. बोललेलं परत घेता येत नाही. जनाताई रागावल्या नाहीत. "टेबल जाईल तर जाईल," त्या म्हणाल्या. "पन त्या पोरांच्या कानात दिसभर ह्ये खरवडनार. बोलाचं नाय काय?"

निकम साहेबांनी दोघांकडे बघितलं आणि बोर्डवाल्या कंपनीला फोन लावला. दोन दिवसांनी त्यांचे इंजिनिअर मुंबईहून आले. टाय, कडक इस्त्री, आणि पेटीत एक मोठं उपकरण. त्यांनी सहाही मशीनना वायरी लावल्या, आकडे उतरवले आणि म्हणाले, "सगळं लिमिटमध्ये आहे. कंप्लेंट कोणाची आहे?"

साहेबांनी साउंड टेबलकडे बोट दाखवलं. इंजिनिअरांनी जनाताईंकडे बघितलं, मग साहेबांकडे. "या?"

"या."

"साहेब, माझं रीडिंग आणि यांचा कान, असं आहे का?"

"बघून घ्या ना," साहेब म्हणाले.

साउंड टेबलवर एक लांब वायर असायची, हेडफोन दूर न्यायला. जनाताई ती घेऊन भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसल्या. त्यांची पाठ आमच्याकडे, कानावर हेडफोन. इंजिनिअर पहिल्या मशीनसमोर उभे राहिले आणि त्यांनी माऊसला हात लावला.

"हालवला," जनाताई भिंतीला म्हणाल्या.

त्यांनी थांबवला.

"थांबला."

त्यांनी अगदी हळू, नखभर सरकवला.

"जरासा हालवला."

त्यांनी माऊस सोडला आणि एक फाइल उघडली. मशीनच्या पोटातली डिस्क फिरली.

"आता माऊस नाय. आता आतली तबकडी."

मिलिंद माझा दंड धरून उभा होता. त्याची बोटं रुतत होती. इंजिनिअर आता इरेला पेटले. माऊस, डिस्क, पुन्हा माऊस, दोन्ही एकदम. जनाताई एकेक सांगत गेल्या, बसच्या कंडक्टरने स्टॉप सांगावेत तशा. एकही चुकला नाही. शेवटी इंजिनिअरांनी सगळ्यावरून हात काढला, छातीवर हातांची घडी घातली आणि गंमत बघत उभे राहिले.

पाच सेकंद गेले. दहा गेले. कोणी हललं नाही.

"काय जालं?" जनाताईंनी विचारलं. "दमलाव काय?"

आम्ही हसलो. इंजिनिअर हसले नाहीत. त्यांनी हेडफोनची वायर एका मशीनमधून काढून दुसऱ्यात घातली, मग तिसऱ्यात. सहाही मशीनवर माऊस हलवून बघितला. चार मशीनवर जनाताईंनी हात वर केला. दोनांवर केला नाही. "ही दोन चांगली," म्हणाल्या. "यांच्यात कोन चालत नाय."

इंजिनिअरांनी सहाही झाकणं उघडायला लावली आणि भिंग घेऊन एकेक बोर्ड वाचला. चार बोर्डांवर कोपऱ्यात बारीक अक्षरात एक आकडा छापलेला होता, दोन बोर्डांवर दुसरा. दोन वेगळ्या खेपांचा माल. आवाजाच्या भोकांशेजारी त्या दोन बोर्डांवर खरखर अडवणारा एक चिमुकला भाग जास्त होता. बाकी चारांवर त्याची जागा रिकामी होती.

ते बराच वेळ वाकून बघत राहिले. मग सरळ झाले, टाय सैल केला आणि म्हणाले, "मी ही खेप परत घेतो. पुढचा माल गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी इथेच तपासून घ्यावा लागेल. प्रत्येक बोर्ड."

त्यांनी बॅगेतून एक फॉर्म काढला आणि साउंड टेबलवरच भरायला बसले. जनाताईंनी हेडफोन गळ्यात अडकवला आणि कार्डांच्या पिशव्या सरकवून त्यांना जागा करून दिली. इंजिनिअर लिहिता लिहिता एका रकान्यापाशी थांबले.

"दोष कोणत्या उपकरणाने सापडला? इथे काय लिहू?"

"जनाबाई म्हात्रे," निकम साहेब म्हणाले.

इंजिनिअरांनी वर बघितलं. साहेबांचा चेहरा गंभीर होता. इंजिनिअरांनी तसंच लिहिलं.

"मॉडेल?"

"एकच आहे."

तेही लिहिलं. "आणि फेरतपासणीसाठी उपकरण कुठे, कधी उपलब्ध असेल?"

साहेबांनी एकदा टेबलाकडे बघितलं.

"साउंड टेबल, तुर्भे. रोज सकाळी नऊ ते साडेपाच."

पेन चाललं. जनाताई वाकून त्या इंग्रजी कागदाकडे बघत होत्या.

"रविवारी सुट्टी," त्या म्हणाल्या. "त्ये बी लिवा!"